जोहराबीची नऊची गाडी

करीम टेलर घरात राहत होता आणि त्याची बायको जोहराबी अंगणात राहत होती. दोघांत भांडण काही नव्हतं. भांडण होतं ते जोहराबीचं आणि घराचं. किल्लारीकडचा भूकंप होऊन आठ-नऊ महिने उलटले होते. लातूर शहरातली बहुतेक माणसं थंडीनं कुडकुडून आणि डासांना कंटाळून एकेक करत आपापल्या छपराखाली परतली होती. जोहराबीनं मात्र अंगणातल्या लिंबाखाली ताडपत्री ताणून जो संसार मांडला होता, तो हलायचं नाव घेत नव्हता. स्टोव्ह तिथं, खाट तिथं, नमाजाची चटईही तिथंच. करीम पहिल्या आठवड्यातच घरात परतला होता आणि छाती काढून सगळ्या गल्लीला सांगत होता, "मौत यायची तर ती तंबूतबी येती. मी आपला पंख्याखाली झोपतो."

जोहराबीला भित्री म्हणणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांबरोबर भाकरींची टोपली घेऊन ती ट्रकमध्ये बसून तिकडच्या गावांत गेली होती. तिथं काय पाहिलं हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आली, उंबऱ्यापाशी थांबली, भिंतीकडे नुसतं बघत राहिली आणि मागे फिरली. त्या दिवसापासून भिंत दिसली की तिला भिंतीखालचं माणूस दिसायचं. हे करीमला कळत होतं, म्हणून तो तिला हसायचा ते तोंडावर, आणि रात्री हळूच तिच्या खाटेवर जास्तीची गोधडी टाकून जायचा.

खरी पंचाईत केली होती पॅसेंजर गाडीनं. करीमचं घर स्टेशनच्या अलीकडे, रुळाला अगदी खेटून होतं. त्या काळी लातूरला यायची ती छोटी गाडी. रूळ अरुंद, डबे लहान, पण करीमच्या घराजवळून जाताना तिचा तोरा मेलगाडीचा असायचा. खिडक्या खडखडायच्या, कपबशा नाचायच्या, दिवा डोलायचा. जोहराबीनं उंबऱ्याशी हंड्यावर तपेली, तपेलीवर तांब्या आणि तांब्यावर पेला असा मनोरा रचून ठेवला होता. भूकंपाची खूण कळावी म्हणून तेव्हा घरोघर असे मनोरे होते. बाकीच्यांचे उभे असायचे. जोहराबीचा पेला रोज पडायचा, आणि पडला की ती डोक्यावर पदर घेऊन थेट शाळेच्या मैदानात.

गाडीला वेळ असती तर प्रश्न नव्हता. तिची वेळ सकाळी नऊची होती, पण ते बोर्डावर. प्रत्यक्षात ती दहाला यायची, साडेअकराला यायची, एखाद्या दिवशी दुपारच्या जोहरच्या नमाजाला यायची. त्यामुळे पेला पडला की गाडी आहे का धरणी आहे, हे समजायला मार्ग नव्हता.

"मला बसल्या जागी कळलं पायजे," जोहराबीनं एकदा निकाल देऊन टाकला, "की हाललं ते गाडीनं हाललं का भूकंपानं. त्या दिवशी मी घरात येते. तवर न्हाई. आन् लई मागं लागलात तर मी चालले नांदेडला, जेबाकडं."

जेबा त्यांची एकुलती एक लेक, लग्न होऊन नांदेडला गेलेली. ती गेल्यापासून माडीवरची तिची खोली रिकामी होती, आणि लातुरात तेव्हा रिकामी खोली ठेवणं म्हणजे गुन्हा होता. दहावी झालेली पोरं चारी बाजूंनी लातूरला लोटत होती. डॉक्टर, इंजिनीअर लातुरातच तयार होतात अशी सगळ्या मराठवाड्याची खात्री पटली होती. लोक स्वतः ओसरीवर झोपून आतल्या खोल्या पोरांना देत होते. ज्या भिंतींना शहर घाबरत होतं, त्याच भिंती हातोहात भाड्यानं जात होत्या.

असेच एके दिवशी देवणीहून ग्यानोबा आणि कस्तुराबाई आले. घरची शेती, दावणीला देवणी बैलांची जोडी, आणि शिल्पा नावाची लेक, जिचे दहावीचे मार्क ग्यानोबा अनोळखी माणसालाही ऐकवायचा. खोली दोघांना आवडली. जोहराबीही तंबूतून उठून, "पोरगी काय खाती? तिखट चालतं का?" अशी चौकशी करू लागली. जेबा गेल्यापासून तिला रागवायला घरात कुणी नव्हतं.

पण कस्तुराबाई तंबूकडे बघून थबकली. "बाई, तुमी भाईर ऱ्हाता व्हय?"

"हाव."

"आन् आमची पोरगी आत?"

ग्यानोबानं डोक्यावरची टोपी सरळ केली. "करीमभाई, राग धरू नगा. घरची बाई ज्या घरात पाय ठिवत न्हाई, तितं मी लेक कशी ठिवू? अडमिशनला पुन्हा येतो. तवर बाई आत आल्या तर खोली आमची. न्हाईतर दुसरीकडं बघतो."

ते गेल्यावर जोहराबी बराच वेळ माडीच्या खिडकीकडे बघत बसली. मग म्हणाली, "पोरगी गुणाची दिसती, न्हाई का?" पोरगी तर आलीच नव्हती. त्या एका वाक्यानं करीमला घरात बसवेना. त्यानं टेप गळ्यात तसाच ठेवून स्टेशन गाठलं.

स्टेशनमास्तर भुजंगराव नवेच बदलून आले होते. करीमनं सलाम केला आणि म्हणाला, "साहेब, पॅसेंजर टायमावर आणा."

भुजंगरावांनी चष्मा वर केला. गाडीनं जाणाऱ्या एकाही माणसानं आजवर अशी मागणी केली नव्हती. "तुम्हाला कुठं जायचंय?"

"कुठंच न्हाई. घरात जायचंय. म्हंजी, बायकोला."

करीमनं सगळी हकिकत सांगितली. भुजंगराव हसले नाहीत, ही त्यांची थोरवी. त्यांनी पाणी मागवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "करीमभाई, गाडी माझ्या हातात नाही. ती ड्रायव्हर संगप्पाच्या हातात आहे. आणि संगप्पा सगळ्या मुलुखाच्या हातात आहे."

ते खरंच होतं. संगप्पा भला माणूस. शेतातून कुणी धोतर हलवलं की गाडी थांबली. भाजीवाल्या तारामतीची पाटी डोक्यावरून उतरेपर्यंत गाडी थांबली. दूधवाल्याची म्हैस उशिरा पान्हवली तरी गाडी थांबली. कुण्या म्हातारीला चढता आलं नाही तर संगप्पा स्वतः इंजिनातून उतरून तिला हात द्यायचा. एवढ्या सगळ्यांचं भलं करायचं तर नऊचे साडेदहा व्हायचेच.

करीमनं त्याला फलाटावर गाठलं आणि भीत भीत विषय काढला. संगप्पा ऐकता ऐकता चहा प्यायचा थांबला.

"काय म्हणता टेलरसाब? अक्का माझ्या गाडीला भितात?"

"गाडीला न्हाई वो. भूकंपाला."

"पण पळतात माझ्या गाडीमुळं ना? अय्यो शिवने!" संगप्पाचा चेहरा पडला. "सगळी नोकरी झाली, माझ्या गाडीखाली शेळी मेली न्हाई. लोक पळत माझ्या गाडीकडं येतात. गाडीपासून लांब कुणी पळालं न्हाई आजवर." त्यानं बशी खाली ठेवली. "अक्काला सांगा. उद्यापासून नऊ म्हंजी नऊ."

आणि काय सांगावं! दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला शिट्टी वाजली आणि पेला पडला. करीमला वाटलं घड्याळ बंद पडलं. तिसऱ्या दिवशीही नऊ. चौथ्या दिवशी गल्लीतली माणसं हातावरचं घड्याळ बघत रुळाकाठी उभी राहिली. धूर ओकत, पितळी कड्या चमकवत ती छोटी गाडी वळणावरून आली तेव्हा एका म्हाताऱ्यानं चक्क हात जोडले. मनात आणलं तर माणूस काय करतो, हे त्या वेळी बघावं. तेच इंजिन, तोच कोळसा, तेच रूळ. पण संगप्पा इंजिनाच्या दारात असा ताठ उभा की त्याला सलाम ठोकावासा वाटे. घरासमोर आला की तो हात उंचावून ओरडायचा, "अक्का, मी आहे हो! संगप्पा!"

जोहराबीनं हळूहळू पळणं सोडलं. आधी ती मैदानाऐवजी फाटकापर्यंत जाऊ लागली. मग खाटेवर बसून राहू लागली. मग एक दिवस नऊला पाच मिनिटं कमी असताना ती स्वतःच पेला काढून हातात धरून बसली आणि गाडी गेल्यावर तिनं तो परत ठेवला.

पण एकाचं सुख ते दुसऱ्याचं दुखणं. गाडी वेळेवर आल्यावर अख्ख्या मुलुखाची घडी विस्कटली. दूधवाल्याची म्हैस काही घड्याळ बघून पान्हवेना. शाळामास्तरांचा जन्माचा बहाणा गेला. "गाडी लेट होती," म्हणायची सोय राहिली नाही. एका वऱ्हाडातला नवरदेव चढला आणि वऱ्हाड फलाटावरच राहिलं. हे कुणामुळे झालं, ही बातमी गाडीच्या आधी लातुरात पोचली.

तारामती भाजीवाली तर एसटीनं येऊन थेट करीमच्या अंगणात पाटी आपटून बसली. "कुठं हाय ती टेलरची बायको? तिच्यापायी गाडी हुकली. ही मेथी आता कोण घेतं?"

जोहराबी पुढे झाली. "मी घेते."

"समदी?"

"समदी. बस, च्या पी."

चहा पिता पिता जोहराबीनं कारण सांगितलं. तारामतीचा आवाज खाली आला. तिचं माहेर किल्लारीकडचंच होतं. दोघी मेथी निवडत बसल्या. जाताना तारामती म्हणाली, "मी तांबडं फुटायच्या आत निघत जाईन. तुमी घरात जावा, बाई." करीमनं मात्र त्या आठवड्यात मेथीची भाजी, मेथीची डाळ आणि मेथीचे पराठे खाल्ले आणि तोंडातून ब्र काढला नाही.

ग्यानोबाचा निरोप आला, शुक्रवारी सकाळी येतो. गुरुवारी जोहराबीनं माडी झाडली. झाडताना तिची नजर छतावरच होती, पण झाडली. शुक्रवारी ती स्टोव्ह उचलून स्वयंपाकघरात घेऊन आली. करीमला इतका आनंद झाला की त्यानं गिऱ्हाइकाच्या पँटला तिसरा खिसा लावला.

पावणेनऊला पाहुणे येऊन बैठकीत बसले. आतून शिऱ्याचा वास आला. कस्तुराबाईनं डोकावून जोहराबीला आत बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. करीम रंगात आला.

"ग्यानोबाभाऊ, आता नऊला घर हालंल. घाबरायचं न्हाई. आमची पॅसेंजर हाय."

"रोज नऊला?"

"घड्याळ लावून घ्या! तुमच्या पोरीला गजराचं घड्याळ नगं. अशी शिस्त बघाया मिळणार न्हाई."

घड्याळाचा काटा नवावर गेला. आणि हाललं. पेला पडला, तांब्या पडला, तपेलीही पडली. दिवा झुलू लागला. छताची चिमूटभर माती ग्यानोबाच्या चहात पडली. कस्तुराबाईनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"बसा, बसा!" करीम मांडीवर थाप मारून म्हणाला. "ह्याला म्हंत्यात टाइम! बघा, सेकंदाचा फरक न्हाई."

"लईच हालून राहिलंय वो," ग्यानोबा चहातली माती बोटानं काढत म्हणाला.

"अडमिशनची गर्दी. जास्तीचा डबा जोडला असंल."

बाहेर आरडाओरडा झाला. माणसं धावत गेल्याचा आवाज आला. कस्तुराबाई दचकली. "लोक कामून पळून राहिले?"

"गाडी धराया. टायमावर येणारी गाडी हाय बाई, पळावं लागतं. पहिल्यासारखं न्हाई राहिलं आता."

"शिट्टी न्हाई ऐकू आली?"

"जो टायमावर येतो, त्याला बोंब कशाला माराया लागती?" करीम म्हणाला, आणि हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की तो ते परत एकदा म्हणाला.

जोहराबी शिऱ्याच्या बश्या घेऊन शांतपणे बाहेर आली. हात जरासुद्धा कापत नव्हता. "घ्या ताई. संगप्पाभाऊची गाडी हाय. मीबी आधी भ्यायचे." तिनं पडलेली भांडी उचलून पुन्हा एकावर एक ठेवली. करीमनं बायकोकडे बघितलं आणि त्याचा ऊर भरून आला. नऊ महिन्यांनी ती त्याच्या घरात, त्याच्या छताखाली उभी होती.

शिरा संपला, जेवणाखाण्याचं ठरलं, शिल्पाला तिखट चालतं हेही कळलं. ग्यानोबा "मंग ठरलं," म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात पेला पुन्हा पडला.

या वेळी लांबून शिट्टीही ऐकू आली. खिडक्या खडखडल्या. करीम हसत हसत काहीतरी बोलायला गेला आणि मध्येच थांबला. सकाळी गाडी एकच. ती तर नऊला येऊन गेली. मग ही कोणती?

"भूकंप!" करीम किंचाळला आणि सगळ्यांच्या आधी दारातून बाहेर पडला. त्याच्या मागे बशी हातात घेतलेला ग्यानोबा, त्याच्या मागे एकाच पायात चप्पल घातलेली कस्तुराबाई, आणि शेवटी स्टोव्ह बंद करून जोहराबी.

अंगणापलीकडच्या शाळेच्या मैदानात अख्खी गल्ली जमून बसली होती. यांना आता बाहेर येताना बघून सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. "अरे, मघा इतकी धरणी हालली, तवा कुठं होता तुमी?" कुणीतरी ओरडलं. त्याच वेळी वळणावरून ती छोटी गाडी आली, अगदी पावलापावलानं. संगप्पा दारातून वाकून हात जोडत होता.

"माफ करा, अक्का! आज लेट झालं! धरणी हालली म्हणून गाडी थांबवली. उतरून रूळ बघत बघत आणली. डबे भरून लेकरं होती ना!"

गाडी निघून गेली. सगळ्या मुलुखासाठी थांबणारा तो माणूस, ज्या दिवशी थांबणं खरंच गरजेचं होतं त्या दिवशीही चुकला नव्हता. जोहराबीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिनं वळून घराकडे बघितलं. एक भिंत बघितली, दुसरी बघितली. कुठं तडा नव्हता. "म्हंजी मी शिरा वाढत होते," ती हळूच म्हणाली, "तवा भूकंप चालू होता?"

"हाव," करीमच्या तोंडून कसंबसं निघालं. त्यानं लिंबाचं खोड घट्ट धरलं होतं.

"आन् घर उभं हाय."

ग्यानोबानं हातातल्या बशीतला उरलेला शिरा तोंडात टाकला. "करीमभाई, खोली पक्की. गाडीनं हाललेलं घर कुणीबी दावतं. तुमी तर भूकंप चालू करून दावला! आन् बाईंचा हात बघितला का? माझी पोरगी इतंच ऱ्हाईल."

कस्तुराबाईनं जोहराबीचा हात धरला. जोहराबी हसली, पदर खोचला आणि कुणाचीही वाट न बघता घरात गेली. जाता जाता मनोरा मोडून पेला पाण्याच्या माठावर ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात शिल्पा राहायला आली आणि जोहराबीचं रागवणं सुरू झालं. अक्काची भीती गेल्याचं कळल्यावर संगप्पानंही सुटकेचा श्वास सोडला. दुधाची म्हैस, शाळामास्तर आणि तारामतीची पाटी यांना पुन्हा चांगले दिवस आले. गाडी दहाला आली, साडेअकराला आली. जोहराबी स्वयंपाकघरातून मान वर करून बघायचीही नाही.

एके सकाळी करीम पुन्हा टेप गळ्यात घालून भुजंगरावांसमोर उभा राहिला. डोळे तारवटलेले, अंगावर डासांच्या गांधी.

"साहेब, पॅसेंजर टायमावर आणा."

"का हो? तुमच्या बाईंना अजून घरात जायचंय का?"

करीमनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाई कवाच घरात गेल्या, साहेब. तंबूत मी हाय."